तिसरी फरशी

कॉमिकचा नायक तुरुंगात गेला आणि नाव झालं ते चित्रांवर शाई चढवणाऱ्या बाईचं. पेन्सिलवाल्याने कोठडीचे गज नीट रेखून पाठवले होते. तिने ते सगळे काळ्या शाईत बुडवून टाकले आणि जमिनीवर उजेडाचे चार पट्टे तेवढे कोरे ठेवले. गज एकही दिसेना, पण बघणाऱ्याचा जीव गुदमरायचा.

तयार पानं प्रकाशकाकडे पोचवायला नवराच जायचा. येताना वाचकांची पत्रंही तोच आणायचा, फोडून.

"हे ऐक," एकदा तो हसत म्हणाला, "कुणी सुटून आलेला कैदी लिहितोय. 'बाई, आत गजांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. उजेड कितव्या फरशीवर आला, तेवढंच बघतो. बाहेरच्या माणसाला हे सुचणं शक्यच नाही. तुम्ही कधी सुटलात?'"

"मग काय कळवू त्यांना?"

"कळवायचंय काय, डोंबल! चौदा वर्षांत तू एकटी कोपऱ्यावरच्या दुकानात तरी गेलीयस का?" आपल्याच विनोदावर तो पोट धरून हसला.

तिने खाली पाहिलं. खिडकीतला उजेड तिसऱ्या फरशीवर आला होता, म्हणजे चार वाजले. ती सासूबाईंना औषध द्यायला उठली.

पुढचं पानही नेहमीसारखं नवऱ्यानेच नेऊन दिलं. कोठडीच्या काळ्याकुट्ट भिंतीत तिने दोनच शब्द पांढरे सोडले होते:

'अजून नाही.'