कोरं कपाळ

सुरतला गोडादऱ्यात खोली मिळावी म्हणून सत्त्याऐंशी साली मी घरमालकीण शोभाबाईंना आम्ही पाटील असल्याचं सांगितलं. आम्ही बौद्ध. माझ्या बायकोनं ते खोटं दहा वर्षं सांभाळलं, पण कुंकू कधी लावलं नाही. विचारलं तर म्हणायची, "कपाळाला चट्टे उठतात." आजारपणात म्हणाली, "पांढऱ्या साडीत न्या. तेवढं तरी आपल्यातलं करा." ती गेली, तेव्हा शोभाबाई हिरवं लुगडं घेऊन आल्या. आमच्या वृषालीनं पेटीतून पांढरी साडी काढली. "सवाष्णीला पांढरं? कुणाच्यात असतं गं असं?" शोभाबाईंनी विचारलं. पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, "पप्पा, सांगा ना." मी म्हणालो, "पोर दुःखानं बावरलीय." तिच्या हातातली साडी घेऊन पेटीत ठेवली. शोभाबाईंनी कुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली. "आता कसले चट्टे उठतीन, भाऊ? लावा." वृषालीनं तोंड फिरवलं. मी बोट बुडवलं.