कोरडं पोतं

पिंजरा रिकामा दिसला तेव्हा पुंडलिकरावांनी आधी सुनेच्या हातांकडे पाहिलं. नखांत माती होती.

“उडालं, बाबूजी,” सपना म्हणाली. “सकाळी पाह्यलं तं नव्हतंच.”

पिंजऱ्याचं दार बंद होतं. कडीही लागलेली होती.

भिंतीवरून शेजारच्या देवकाबाईंनी डोकावलं. “जाताना कडी लावून गेलं काय वो? मोठं शिस्तीचं पाखरू!”

सपना हसली नाही. खाली मान घालून अंगण झाडू लागली. पुंडलिकरावांचा संशय पक्का झाला.

पाखरू त्यांच्या पत्नी प्रमिलाबाईंचं. फौजेतल्या भावानं दार्जिलिंगच्या पहाडातून बहिणीसाठी आणलेलं. लाल चोच, पिवळा गळा. बाई शीळ घालत आणि ते गाऊन उत्तर देई. बाई गेल्या, तरी ते रोज सकाळी गायचं. पुंडलिकराव तेवढ्यासाठी उठायचे.

सेलूचा उन्हाळा त्याला सोसत नसे. पिंजऱ्यावर सतत ओलं पोतं लागे. होळीच्या सुमारास सपनानं एकदा ते भिजवलं, तर पुंडलिकराव ओरडले होते, “हात नको लावू! तुले काय समजते त्यातलं?” तेव्हापासून ते काम त्यांचंच.

“कोणाले देलं?” त्यांनी विचारलं.

“कोणालेच नाई.”

“मंग सोडलं काऊन?”

“उडालं म्हणते ना, बाबूजी.”

ते तरातरा परसात गेले. लिंबाखाली थोडी माती ताजी उकरलेली होती, वर विटेचा तुकडा. त्यांनी वीट बाजूला केली, बोटानं माती सारली. पिवळा गळा दिसला.

माती पुन्हा लोटून ते ओसरीवर आले. पिंजऱ्यावरचं पोतं काढलं. पापडासारखं कडक झालं होतं. काल दिवसभर ते अल्लीपूरला लग्नात होते. परत आले ते तसेच झोपले होते.

“मंग भाऊजी,” देवकाबाई अजून भिंतीशीच होत्या, “कडी कोनं लावली?”

“मी,” पुंडलिकराव म्हणाले. “पाखरू उडाल्यावर.”

सपनाचा झाडू थांबला.

त्यांनी पोतं बादलीत बुडवलं, तसंच निथळत परसात नेलं आणि लिंबाखालच्या मातीवर पसरलं.