ओल्या वाळूतल्या काड्या

तौनोने कुदळ उगारली आणि हेल्वी झुडपापुढे येऊन उभी राहिली.

"सरक," तो बायकोवर खेकसला. "अकरा वर्षं पोसली. एक फळ नाही!"

"धरतील."

"कधी? मी मेल्यावर?"

कुंपणापलीकडून शेजारीण लेम्पी हसली. "आमची पोरं विचारतात गं हेल्वी, करेलियाची माणसं पाल्याचाच मुरंबा करतात का?"

ते तौनोच्या जिव्हारी लागलं. करेलियातल्या त्यांच्या परसात हीच ब्लॅककरंटची झुडपं जुलैत फळांनी जमिनीला टेकायची. पोरांची तोंडं आठवडाभर जांभळी असायची. मग युद्धात सरहद्द सरकली, गाव शत्रूच्या मुलखात गेलं आणि सगळ्यांना घरं सोडून इकडे यावं लागलं. निघताना हेल्वीने ओल्या फडक्यात चार काड्या गुंडाळून आणल्या. त्यांचाच हा सगळा विस्तार.

हेल्वीला बाजूला सारून त्याने घाव घातले, पण मूळ हलेना. पहार आणायला तो तळघरात उतरला. बटाट्यांच्या मागे ओल्या वाळूची पेटी होती. तिच्यात काड्यांची जाड जुडी उभी होती, नुकतीच कापलेली. त्याने बोट फिरवलं. काडीकाडीवर फुलोऱ्याचे टपोरे डोळे होते. पुढच्या वर्षीचा फुलोरा उन्हाळ्याअखेरीस या कोवळ्या फांद्यांतच धरतो. दर शरदात हेल्वी छाटणी करते, एवढंच त्याला ठाऊक होतं.

जुडी घेऊन तो वर आला. लेम्पी घरात गेली होती.

"दरवर्षी?"

"दरवर्षी. वसंतात जुन्या टाकते, शरदात ताज्या भरते."

"अगं, फळ यांच्यावरच धरतं!"

"मला शिकवतोस?" हेल्वी म्हणाली. "मागे युद्धातच सरहद्द उलटी सरकली नि एकदा परत जायला मिळालं, तेव्हा काय होतं परसात? नुसती राख. साऱ्या गावात एक झुडूप उरलं नव्हतं. पुन्हा बोलावणं आलं तर ऐनवेळी कुठून आणू? सगळ्यांना पुरायला नकोत?"

तौनोला म्हणायचं होतं की सरहद्द आता हलत नाही. अर्धी माणसं तर इथल्याच मातीत गेली.  पण तो खाली जाऊन जुडी वाळूत नीट रोवून आला.

तीन झुडपांची छाटणी व्हायची होती. त्याने कुदळ भिंतीला टेकवली, एक कोवळी फांदी वाकवून हेल्वीपुढे धरली.

"थोडी लांब काप," तो म्हणाला. "आखूड काडी वाटेत सुकते."