अण्णाजींचं नाक

अण्णाजींनी हीटरचा खटका खाली पाडला आणि ओरडले, "बाहेर व्हा! सारे बाहेर!"

माणसं हातातलं काम टाकून निंबाखाली पळाली. अण्णाजी मात्र एकटेच आत थांबून यंत्रातला माल बाहेर काढत राहिले. केशव दारातच उभा होता. कारखान्याचा नवा मॅनेजर म्हणून त्याचा हा पहिलाच दिवस. त्याला कसलाच वास येत नव्हता. मिनिटाभरानं पाइप पिवळट यायला लागला, मग तपकिरी, आणि मग नाकात मिरचीची फोडणी गेल्यासारखं झालं.

नालवाडीतल्या या कारखान्यात शेतीचे पाइप बनत. कच्चा माल म्हणजे प्लास्टिकची पांढरी पावडर, दिसायला पिठासारखी गरीब. पण आच जरा जास्त झाली, की यंत्राच्या पोटातच करपायची आणि आम्लाचा धूर सोडायची. तो छातीत भरला, की भलाभला माणूस आडवा. उष्णतेचा काटा होता, पण तो सरकारी कचेरीसारखा, उशिरा हलणारा. भरवसा सारा अण्णाजींच्या नाकावर.

"बहात्तर साली असाच धूर कोंडलता," हमाल डोमाजीनं केशवला सांगितलं. "म्हाताऱ्यानं मले अन् आणखी एकाले ओढून बाहेर काढलं. त्या दिवसापासून नाक असं तिखट झालं त्यायचं! दुपट्टा बांधून असतात, तरी वास आधी त्यायलेच लागते."

केशव नागपूरचा, शिकलेला, नियमांचा माणूस. आठवडाभरात त्यानं भिंतीवर पाटी लावली. पोतं फोडताना नाकातोंडाला फडकं बांधा. सांडलेली पावडर लगेच झाडा, पाय घसरतो. आत बिडी ओढू नका. सगळ्यांनी ऐकलं. ऐकलं नाही फक्त मंदाबाईनं.

मंदाबाई अण्णाजींची बायको. यंत्राच्या पलीकडे, नवऱ्याच्या बरोबर समोर बसून ती पाइपांची टोकं घासायची.

"बाई, फडकं कुठं आहे?"

"नाक झाकलं त माया जीव घाबरते, बापा."

मग ती त्याच्यापुढे भाकर आणि ठेच्याचा डबा सरकवायची, आणि केशवचं रागावणं तिथंच संपायचं. नियमांच्या माणसाला ठेचा भारी पडतो, हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

महिन्याभरात मालकांचं पत्र आलं. आच वाढली की आपोआप वाजणारी विजेची घंटा यंत्राला बसणार होती. घंटा आली की अण्णाजींना घरी पाठवा, असं खाली लिहिलं होतं.

अण्णाजींनी पत्र ऐकून घेतलं. दुपट्टा नाकावर होता, त्यामुळे चेहरा कळला नाही. "घंटा बिघडली त?" एवढंच ते म्हणाले. "आत लेकरांचे बाप असतात, साहेब."

केशवला ते लागलं. म्हातारा त्याला मनापासून आवडायला लागला होता. पण मालकांना सांगायचं, तर नुसत्या आवडीवर भागणार नव्हतं, पुरावा हवा होता.

दुसऱ्या दिवशी कुणालाही न सांगता तो पोत्यांच्या थप्पीमागे गेला. तिथं त्यानं आधीच शेगडीवर लोखंडी पत्रा तापत ठेवला होता. त्यावर त्यानं चिमूटभर पावडर टाकली, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि सहज आल्यासारखा बाहेर आला. अण्णाजींची त्याच्याकडे पाठ होती.

समोर मंदाबाईनं झटकन डोक्यावर पदर घेतला. महिना झाला तरी बाई आपल्याला लाजतेच, असं केशवच्या मनात आलं.

आणि अण्णाजींचा हात खटक्यावर पडला. "बाहेर व्हा!"

बारा सेकंद! केशवनं धावत जाऊन त्यांचे दोन्ही हात धरले. त्याच संध्याकाळी त्यानं मालकांना लिहिलं, की घंटा बसवू, पण अण्णाजीही राहतील. आणि मालकांनी ते मान्य केलं.

उत्तर आलं त्या दिवशी केशव फार खुशीत होता. मंदाबाईला म्हणाला, "मला पाहून डोक्यावर पदर कशाला घेता? मी तुम्हाला मुलासारखा. आणि फडकं बांधत नाही, तर उद्यापासून बाहेर निंबाखाली बसा. तिथं हवा चांगली आहे."

अण्णाजींचा हात हवेतच थांबला.

"नाई बापा," मंदाबाई घाईनं म्हणाली. "मले इथंसाच राहू द्या. यायले समोर पायल्याबिगर माया हात नाई चालत."

सगळे हसले. "चाळीस वर्षं झाली लग्नाले," डोमाजी म्हणाला, "अन् म्हातारीची नजर अजून हटत नाई!" मंदाबाई लाजली. केशवचे डोळे पाणावले, त्यानं तो विषय सोडला. मग खिशातून एक छोटी कुपी काढली.

"अत्तर आहे, अण्णाजी. तुमच्या नाकाला माझ्याकडून."

अण्णाजींनी दुपट्टा खाली केला, कुपी नाकाशी धरली आणि डोळे मिटले. "वा! जीव खुश झाला, साहेब."

संध्याकाळी सायकल हातात धरून दोघं नवराबायको चालत घराकडे निघाले. फाटक मागे पडल्यावर अण्णाजींनी कुपी काढून मंदाबाईच्या नाकाशी नेली.

"पाय बरं, कशाचं हाय?"

"खसाचं. लई बेस हाय."

"असं का! मले त त्या धुरापासून खस काय अन् राकेल काय, सारखंच. उद्या साहेबानं पुसलं त सांगता आलं पायजे."

मंदाबाईनं अत्तराचं बोट त्यांच्या दुपट्ट्याला पुसलं.

"मंग खसाचा इशारा कोनता ठेवू? पदर त जळक्या वासाले देऊन ठेवला हाय."