दिवाळसणाची मागणी

ताटात श्रीखंड वाढलेलं, आणि जावईबापू हाताची घडी घालून बसलेले. पहिला दिवाळसण. जावयानं रुसायचं आणि मागेल ते सासऱ्यानं द्यायचं, अशी रीतच होती.

"बोला जावईबापू, काय पाहिजे?" केरबानं विचारलं.

"मला काही नको, मामा. फक्त तुमच्या प्रेसमधला तो जुना कम्प्युटर काढा. त्यातल्या विंडोजचा सपोर्ट संपला. कंपनी आता त्याच्याकडं ढुंकून बघणार नाही. नवा माझ्या दुकानातनं घ्या."

साऱ्या तालुक्याच्या लग्नपत्रिका केरबा त्या जुन्या कम्प्युटरवरच करायचा. त्यातली ती वळणदार मराठी अक्षरं नव्या मशिनीवर उमटत नव्हती, आणि लग्नसराई तर तोंडावर आलेली. पण सणाला जावयाला नाही कसं म्हणायचं?

मिशीवरनं हात फिरवत तो उठला. कपाटातनं लाल डबी काढून त्यानं ताटाशेजारी उघडून ठेवली. आत सोन्याची अंगठी.

"ही आणली होती तुमच्यासाठी. पण तुम्ही कम्प्युटरचं काढलंत. आता रीत ती रीत. उद्या हीच मोडतो आणि तुमच्या दुकानातनं नवा घेतो."

जावयाची नजर अंगठीवरनं हलेना.

"मामा, तसा... अजून वर्षभर जादा सपोर्ट मिळतो की! मीच चालू करून देतो."

"मघाशी तर संपला होता!"

"पुढच्या दिवाळीला नक्की संपणार बघा," अंगठी बोटात सरकवत जावई म्हणाला.

"संपू द्या," केरबानं श्रीखंडाचं पातेलं पुढं ओढलं. "तवर तुमच्यासाठी घड्याळ आणून ठेवतो."