‘स्कार्फवाली’चे गुण-दोष

“आपली गोष्ट कुणाला सांगू नको, विशा. बालाजीला तर मुळीच न्हाई,” पुनमनं बजावलं होतं. विशाखानं ते हसण्यावारी नेलं. बालाजी कॉलेजपासूनचा मित्र, नांदेडला कॉमिक्स काढणारा. तो कुणाला सांगणार होता?

आता लातूरच्या थिएटरात, आठ महिन्यांच्या लेकीला मांडीवर थोपटत, ती पडद्यावर तीच गोष्ट बघत होती.

हळदीच्या दिवशी घरातून पळालेली मुलगी. तिला स्कूटीवर घेऊन जाणारी मैत्रीण. तोंडाला स्कार्फ, उन्हात पोरी बांधतात तसा, नुसते डोळे उघडे. बालाजीनं त्या मैत्रिणीला उडायची शक्ती दिली आणि नाव ठेवलं ‘स्कार्फवाली’. आधी कॉमिक, आता सिनेमा.

खरी स्कूटीवाली विशाखा स्वतः. खरी मुलगी पुनम, रेणापूरजवळच्या खेड्यातली. सात वर्षं झाली तरी तिचा भाऊ व्यंकट तिला शोधत होता. सापडली तर जिती ठेवत नाही, असं चारचौघांत सांगायचा. ती कुठे आहे हे फक्त विशाखाला ठाऊक होतं. आणि एकदा चहा पिता पिता विशाखाच बोलून गेल्यामुळं, बालाजीला.

घरी येताच तिनं बालाजीला फोन लावला.

“विकलंस ना आम्हाला?”

“अगं, नाव बदललं, गाव बदललं. पोरगी कंधारच्या किल्ल्यात लपते असं दाखवलंय. कुणाला कळतंय?”

“व्यंकट बिनडोक हाय का?”

“त्यो पिक्चर बघत न्हाई. तू उगं घाबरून राहिलीस.”

तिनं फोन आपटला. लेक झोपल्यावर लिहायला बसली. तिची सिनेमाची परीक्षणं फेसबुकवर जिल्हाभर वाचली जायची. राग असला तरी आधी गुण, मग दोष, हा तिचा शिरस्ता. स्कार्फचा मुखवटा अस्सल इथला, असं तिनं लिहिलं. आईचं काम करणारी बाई एक शब्द न बोलता रडवते, हेही. मग खलनायकाचं उगाचचं खदाखदा हसणं, न संपणारी मारामारी, कॉमिकच्या दोन चौकटींत मावलेलं दुःख गाण्यात वाया घालवणं. शेवटचा दोष लिहिताना बोटं आपोआप पळाली. ही गोष्ट बालाजीची नाही, हे लोकांना कळायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुनमचा फोन बंद लागला. पाच वेळा.

विशाखानं बालाजीला तोंडाला येईल ते ऐकवलं. तुझ्या पिक्चरनं घात केला, म्हणाली. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“तुझ्या पोस्टखाली बघ,” तो म्हणाला.

व्यंकटची कमेंट सकाळची होती. “विशाखाताई, पिक्चर न्हाई बघितला. तुमचं वाचलं. लई बारकाईनं लिहिता. निघालोय.”

वर तिचीच ओळ होती: ‘किल्ल्याचा भपका खोटा. खरी मुलगी भोकरला पिठाच्या गिरणीमागं दोन खोल्यांत शिवणकाम करते. खरं नाट्य त्यात होतं.’

पोलिसांना कळवून तिनं ती ओळ खोडली आणि तिथं लिहिलं: ‘भोकरमध्ये कुणी वाचत असेल तर आत्ता गिरणीमागं जा. पुनम घरात आहे का, तेवढं बघा.’