तीन तास वाळूत

“हात लावू नका त्याला,” फ्यूजताई म्हणाली.

गिऱ्हाइकाने पुढे केलेला हात मागे घेतला. त्याच्या इलेक्ट्रिक बाइकचा बॅटरी पॅक काउंटरमागच्या सिमेंटच्या ओट्यावर होता. चार्जरचा दिवा अजून लाल होता. सकाळी त्याच्या बायकोनेच बाइक इथे चार्जिंगच्या दुकानात आणून लावली होती. काळा चष्मा न काढताच तिने पॅक ताईच्या हातात दिला होता. आता पावणेचार झाले होते आणि नवऱ्याला तडक स्टेशन गाठायचं होतं.

“का? काय झालं?”

“तापलाय. आतला एखादा सेल गेला असेल.”

तिने तापमापक पॅकवर रोखला, आकडा पाहिला, “बासष्ट” म्हणाली आणि तापमापक एप्रनच्या खिशात टाकला. मग चार्जरची पिन उपसली.

तिचं खरं नाव कोणी घेत नसे. जराशी शंका आली की कनेक्शन तोडून मोकळी, म्हणून ती फ्यूजताई. दोन वर्षांपूर्वी पेटलेल्या एका पॅकने तिच्या उजव्या हाताची कोपरापर्यंत साल काढली होती. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, ही तर पाणीसुद्धा फुंकायची. भिंतीवर तिने खडूने नियम लिहिले होते. झाकून चार्ज करायचं नाही. लक्ष ठेवायला कोणी नसेल तर चार्ज करायचं नाही. गरम पॅकला हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही. चामड्याचे हातमोजे त्या नियमांखालीच खिळ्याला टांगलेले असत.

“मग आता?”

“आता वाळूत. तीन तास.”

“ताई, चार वीसची गाडी आहे.” त्याने आवाज अजिबात चढवला नाही. “बायको माहेरी निघालीय. बीपीच्या गोळ्या घरीच राहिल्या. भोवळ येते तिला.” त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढून काउंटरवर ठेवली आणि तिच्याशेजारी फुलाफुलांच्या कव्हरचा एक फोन. “फोनपण राहिला बघा. अशी आहे ती. एकटीला काही म्हणजे काही जमत नाही.”

फ्यूजताईने त्या फोनकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

“बसने जा.”

“बस साडेचारला. आणि इथे रिक्षा फिरकत नाही, तुम्हाला माहितीये.” त्याने फळीवरच्या एका पॅककडे बोट दाखवलं. “तो माझ्यासारखाच पॅक आहे ना? तासाभरासाठी द्या. आणून देतो.”

“तो दुसऱ्याचा आहे. आणि खोका सारखा म्हणून आतलं सारखं नसतं.”

“सही करून देतो. जळालो तर माझा मी.”

“तुम्ही एकटे नाही जळत. रस्त्यात माणसं असतात.”

गोळ्यांची पट्टी उचलून तो काउंटरला वळसा घालून आत आला. फ्यूजताईने दोन्ही हातांनी पॅक उचलला, पोटाशी धरला आणि मागच्या दाराने अंगणात गेली. तिथे वाळूने अर्धं भरलेलं पिंप होतं. तिने पॅक आत ठेवला आणि फावड्याने भराभर वाळू ओढली. तिला धाप लागली होती. मागून चपलांचा आवाज आला.

“बाई,” तो म्हणाला. मघाची ताई आता बाई झाली होती. “तिला गाडीत काही झालं तर? माणसाच्या जिवापेक्षा तुमचा नियम मोठा?”

फ्यूजताईने आणखी एक फावडं वाळू ओढली. तिच्या कपाळावरून घाम गळत होता.

“मी उकरून काढीन.”

“काढा. मी अग्निशमनवाल्यांना फोन लावते. ते आले की आधी गल्ली बंद करतात. मग मुंगीसुद्धा बाहेर जात नाही.”

दोघं एकमेकांसमोर उभे राहिले, मध्ये पिंप. तिने फावड्याचा दांडा आणखी घट्ट धरला. त्याच्या मुठीत गोळ्यांची पट्टी कुरकुरत चुरगळली. दुकानातल्या घड्याळात चारला दोन मिनिटं कमी होती. स्टेशन सात किलोमीटर, तेही पायी.

“परत येतो मी,” तो शांतपणे म्हणाला आणि पळत सुटला.

फ्यूजताई पिंपाशेजारी बसली. चार वीस होईपर्यंत तिने दारातून दिसणाऱ्या घड्याळावरची नजर काढली नाही. चार बारा झाले. चार सतरा झाले. काटा जणू कोणी धरून ठेवला होता.

चार तेवीसला तिचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

“ताई, गाडी सुटली.” बाईचा आवाज होता, मागे चाकांची खडखड. “शेजारच्या बाईंचा फोन मागून घेतलाय.”

“तुमच्या बीपीच्या गोळ्या राहिल्या म्हणत होता.”



“मला कसल्याच गोळ्या नाहीत हो.”

“डोळा कसा आहे?”

“उघडतोय आता थोडा.”

फ्यूजताईने फोन खिशात ठेवला. हातमोजे सकाळपासून खिळ्यावर होते तसेच होते. तिने उघड्या हातांनी वाळू उपसली आणि पॅक वर काढला. तो मघाशी पोटाशी धरला होता, तेव्हा होता तितकाच गार होता.